पंडिता रमाबाई आणि कष्टाची भाकर



लोणी स्टेशनवरून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसले की उरुळी, यवत, खुटबाव ही स्टेशने मागे पडतात आणि केडगाव येते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ते याच केडगावात. रमाबाईंचे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. संस्कृतच्या पंडिता, विधवांच्या कैवारी, मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या विदुषी अशी त्यांची ओळख आपल्याला असते. आज मात्र त्यांच्या चरित्राकडे आम्ही थोड्या वेगळ्या बाजूने, म्हणजे चूल, जाते आणि पंगत यांच्या बाजूने पाहणार आहोत.

त्याला कारण आहे. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबांची चूल दुसऱ्याला जेवू घालण्याच्या कामावर पेटते. सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलांत आणि धाब्यांवर कुणी वेटर आहे, कुणी भट्टीवर उभा असतो, कुणी भांडी घासतो. वसतिगृहांच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या, घरोघरी स्वयंपाकाला जाणाऱ्या, डबे करून देणाऱ्या आपल्या भगिनी आहेत. लग्नसराईत केटररबरोबर वाढप्याचे काम करून कॉलेजची फी भरणारी मुले आहेत. हे सर्व प्रामाणिक कष्टाचे पैसे. तरीही मुलाच्या स्थळाच्या कागदावर हॉटेलात काम असे लिहायला घरचे कचरतात आणि खाजगी नोकरी एवढेच लिहितात. पाहुण्यांनी विचारले की उत्तर देणाऱ्याचा आवाज खाली येतो. अन्नाला आपण मान देतो, ताटाला चुकून पाय लागला तर लगेच हात जोडतो. मग ते अन्न शिजवणाऱ्या आणि वाढणाऱ्या हातांना कमी का लेखतो? हा प्रश्न रमाबाईंच्या आयुष्यात फार कठोरपणे उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी इथून जवळच, केडगावच्या माळावर दिले.

पहाटेचे धडे

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकणे त्या काळी पाप मानले जाई, पण अनंतशास्त्रींनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले आणि त्यासाठी आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे ते रानात जाऊन राहिले. तेथे त्यांच्याकडे विद्यार्थी शिकायला येत, यात्रेकरू मुक्काम करीत, पाहुण्यांचा राबता असे. या सर्वांच्या जेवणाखाण्याचा खर्च शास्त्रीबुवांचा आणि कष्ट लक्ष्मीबाईंचे.

असे सदावर्त किती दिवस चालणार? होते नव्हते ते संपले आणि कर्ज झाले. रमा जेमतेम सहा महिन्यांची असताना कुटुंब घर सोडून बाहेर पडले. वेताच्या टोपलीत घालून या बाळाला डोक्यावरून नेण्यात आले. पुढची सारी वर्षे या तीर्थाहून त्या तीर्थाला पायी जाण्यात गेली. देवळात किंवा घाटावर पुराण सांगायचे, ऐकणाऱ्यांनी धान्य, कपडे, पैसे ठेवायचे आणि त्यावर निर्वाह करायचा. लक्ष्मीबाईंना दिवसभर कामातून सवड नसे, म्हणून त्या रमाला पहाटे, पाखरे जागी होण्याच्या वेळी उठवत आणि संस्कृतचे पाठ देत. जिच्या मुखातून शास्त्रे शिकायला मिळाली तीच आई उजाडल्यावर चुलीपुढे बसे. विद्या आणि चूल यांचे वैर नसते हा धडा रमाला असा लहानपणीच मिळाला. मात्र हाताच्या कामाविषयी घरात जो दुसरा समज होता, त्याची किंमत साऱ्या कुटुंबाला मोजावी लागली.

अभिमानाने मारलेली भूक

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. लोकांनाच खायला नव्हते, तेथे पुराणिकाला दक्षिणा कोण देणार? डोंगरे कुटुंबाने दागिने विकले, भारी वस्त्रे विकली, चांदीची भांडी विकली. शेवटी स्वयंपाकाची तांब्यापितळेची भांडीसुद्धा विकली. त्या पैशांतूनही बराचसा भाग दानधर्मात आणि पूजेअर्चेत गेला. मग उपवास सुरू झाले. रानातला पाला खाऊन दिवस काढण्याची वेळ आली.

घरात सर्वजण धडधाकट होते. शास्त्री होते, तरुण मुलगा श्रीनिवास होता, दोन मुली होत्या. पण चार पैसे मिळवून देणारे कोणतेही काम त्यांना येत नव्हते. कुळाचा आणि विद्वत्तेचा अभिमान एवढा की असले काम शिकावे हे कधी मनातच आले नव्हते. मोलमजुरी करायची लाज आणि भीक मागायचीही लाज. शेवटी अनंतशास्त्रींनी एका पवित्र तळ्यात देह टाकण्याचा निश्चय केला. तेव्हा श्रीनिवासाने वडिलांना सांगितले की आपण सारा अभिमान बाजूला ठेवून पडेल ते काम करू आणि सर्वांना पोसू. त्या शब्दाने वडिलांचा निश्चय मागे फिरला. पण तोवर फार उशीर झाला होता. उपासमारीने खचलेले शास्त्रीबुवा थोड्याच दिवसांत वारले.

मग आई अंथरुणाला खिळली. तिला भूक होती. बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमा शेजारच्या एका घरी गेली. दारात उभी राहिली, पण मागण्यासाठी तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने मायेने विचारपूस केली आणि भाकरी दिली, तेव्हा कुठे काम झाले. पुढे आईही गेली. तिला स्मशानात न्यायला खांदेकरी पुरेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, एक भाऊ, आणि चौथी रमा. तिची उंची कमी, म्हणून तिच्या बाजूचा भार तिला डोक्यावर घ्यावा लागला. नंतर थोरली बहीण कृष्णाबाईही पटकीने गेली.

मोठेपणी रमाबाईंनी या दिवसांविषयी लिहिले तेव्हा केवळ पावसाला आणि दैवाला दोष दिला नाही. आपल्या घराला कामाची लाज होती आणि त्या लाजेने आपल्याला उपाशी ठेवले, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. बंधुभगिनींनो, भुकेल्या घरात शास्त्रे जाणणारी माणसे होती, पण ज्या हाताने भाकरी मिळते त्या हाताच्या कामाला तेथे मान नव्हता. हे चित्र आपण मनात जपून ठेवू या.

पंडिता परदेशात

बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीच्या रात्री वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून ते झोपले. १८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी, जातीची बंधने ओलांडून, नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणासाठी साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. याच काळात त्यांनी लंडनजवळ फुलहॅम येथे त्या धर्मभगिनींचे सेवाकार्य पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा चांगल्या घरच्या, शिकलेल्या भगिनी आनंदाने करत होत्या. या दर्शनाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांनी द हाय कास्ट हिंदू वुमन हे पुस्तक लिहिले. ते १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय विधवेची स्थिती त्यांनी जगासमोर मांडली. ती स्थिती कशी होती? केस काढलेली, एकवेळ जेवणारी, अमंगळ मानलेली विधवा घरातली कष्टाची कामे उपसत असे. सणासमारंभात तिचे तोंड पाहणे अशुभ, पण तिच्या हातचे कष्ट सर्वांना हवे. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती घराला जेवू घाली. तिला ना मोबदला होता, ना पंगतीत जागा. घराचा आधार गेला तर दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकीण म्हणून राहण्याखेरीज तिच्यापुढे फारसे मार्ग नव्हते.

अमेरिकेत त्यांना वेगळे दृश्य दिसले. तेथे स्त्रिया नाना प्रकारचे व्यवसाय करून स्वतःच्या पायावर उभ्या होत्या. आपल्या लोकांना हे कळावे म्हणून रमाबाईंनी अमेरिकेच्या प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिले. ते १८८९ मध्ये निघाले. तेथील स्त्रियांची स्थिती आणि त्यांचे उद्योग यांना त्या पुस्तकात मोठी जागा आहे.

कोणाच्या हातचे खायचे?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. विधवांना शिक्षण देणारे हे घर. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह केलेल्या गोदूबाई येथेच शिकल्या. मुलींना आपापल्या जातीचे नियम पाळण्याची येथे पूर्ण मुभा होती आणि स्वयंपाकघरही त्या नियमांनीच चाले. ज्या बाईने हे घर उभारले ती ख्रिस्ती झाल्यामुळे तिच्या हातचे अन्न चालत नव्हते. रमाबाईंनी हे सोसले, कारण मुलींचे शिक्षण त्यांना अधिक मोलाचे वाटत होते. तरीही काही मुली त्यांच्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या तेव्हा गावात गदारोळ झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या मंडळींनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

अन्नाच्या कामाला आपल्याकडे कमीपणा का आला याचे एक उत्तर येथे सापडते. आपल्या समाजात अन्न हे केवळ पोट भरण्याचे साधन नव्हते. कोण कोणाच्या हातचे खातो, कोण कोणाचे उष्टे काढतो, यावरून माणसाची पायरी ठरत होती. रांधणारा एका जातीचा, भांडी घासणारा दुसऱ्या जातीचा, पत्रावळी उचलणारा तिसऱ्या जातीचा. आपल्यातील अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी या पायऱ्यांची झळ सोसली आहे; त्यांच्या हातचे पाणीसुद्धा चालत नसे. आज हॉटेलात वाढणाऱ्याची जात सहसा कोणी विचारत नाही, पण टेबल पुसणाऱ्या मुलाशी बोलताना जो सूर लागतो त्यात त्या जुन्या पायऱ्या अजून शिल्लक आहेत.

केडगावची पंगत

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंना आपल्या आईवडिलांची आठवण झाली. त्या स्वतः तेथे गेल्या आणि उपासमारीने सांगाडे झालेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया घेऊन आल्या. नेमका तेव्हा पुण्यात प्लेग आला. नव्या लोकांना शहरात ठेवायला बंदी झाली. रमाबाईंनी केडगावला आधीच जमीन घेतलेली होती. तेथेच तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्ती सदन सुरू झाले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या आणि मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचे रोजचे जेवण म्हणजे काय, याचा हिशेब आपल्यातल्या आचाऱ्यांना आणि मेसमधल्या भगिनींना चटकन कळेल. माणशी एका वेळी दोनच भाकरी धरल्या तरी दिवसाला आठ हजार भाकरी होतात. चाळीस बायका भाजायला बसल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला दोनशे येतात. त्याआधी धान्य निवडायचे, जात्यावर दळायचे, सरपण आणायचे, विहिरीचे पाणी काढायचे. त्यानंतर भांड्यांचे डोंगर घासायचे. आणि खाणाऱ्या कोण, तर दुष्काळातून आलेली लेकरे. उपाशी राहिलेल्या पोटाला एकदम भरपूर अन्न सोसत नाही. थोडे, मऊ, पुन्हा पुन्हा भरवावे लागते. अशा वेळी स्वयंपाक करणारीच्या हाती खरोखर जीव असतो.

ही सर्व कामे मुक्तीतल्या मुली आणि स्त्रियाच करत. तेथे शेती होती, गुरे होती, तेलाचा घाणा होता, हातमाग होते, धुलाई होती, छापखाना होता. शिक्षण आणि काम दोन्ही बरोबरीने चाले. जिने सकाळी पाटीवर अक्षरे गिरवली तिनेच नंतर पिठात हात घालायचे. वेगवेगळ्या जातींच्या मुली एकत्र रांधत आणि एकत्र जेवत. आंधळ्या मुलींसाठीही तेथे स्वतंत्र सदन होते, त्यांना बोटांनी वाचायला शिकवले जाई आणि त्याही आपल्या हाताने काम करत.

काम तेच होते जे विधवेला घराघरात शिक्षा म्हणून करावे लागे. मग फरक कोठे पडला? आमच्या मते फरक तीन गोष्टींनी पडला. पहिली गोष्ट, काम एकीच्याच माथी मारलेले नव्हते, ते सर्वांचे होते. दुसरी, काम करणारीला शिकण्याचा हक्क होता; चूल हीच तिची हद्द नव्हती. तिसरी, रांधणारी आणि जेवणारी एकाच पंगतीत बसत होत्या. स्वयंपाकात, वाढण्यात किंवा भांडी घासण्यात मुळात कमीपणा नाही. ज्याला त्याचा योग्य मोबदला मिळत नाही, ज्याला मान मिळत नाही, ज्याला त्यातून वर यायची वाट ठेवलेली नाही, त्याच्यावर आपण कमीपणा लादतो. रमाबाईंनी काम बदलले नाही, काम करणाऱ्याला वागवण्याची रीत बदलली.

स्वतः रमाबाई साध्या पांढऱ्या लुगड्यात, मुलींसारख्याच साधेपणाने राहिल्या. अखेरची अनेक वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. साध्या खेडुतांना कळेल अशी भाषा असावी हा त्यांचा आग्रह होता. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा त्यांच्या आधी गेली. हे दुःख पचवून त्यांनी भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच देह ठेवला. त्यांची कबर तेथेच आहे. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांचे तिकीट काढले. मुक्ती मिशनचे काम आजही चालू आहे.

आपल्या धर्मग्रामासाठी

रमाबाई कॅथलिक नव्हत्या. पण भुकेल्याला अन्न देणे हे दयेच्या कार्यांत पहिले, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतो. ते कार्य ज्यांनी एवढ्या निष्ठेने केले त्यांच्याकडून शिकायला आपल्याला संकोच वाटू नये. नव्या करारातही या कामाला कमीपणा नाही. प्रेषितांनी पंगतीच्या सेवेसाठी सात जण निवडले, तेव्हा ते पवित्र आत्म्याने भरलेले असावेत अशी अट घातली. आपला पहिला रक्तसाक्षी संत स्तेफन हा त्यांच्यापैकीच. आणि पुनरुत्थानानंतर प्रभू येशू समुद्रकाठी शिष्यांना भेटला तेव्हा त्याने काय केले? रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांसाठी त्याने निखाऱ्यावर मासे आणि भाकर तयार ठेवली, त्यांना न्याहारीला बोलावले आणि स्वतःच्या हाताने वाढले. मृत्यूवर विजय मिळवलेल्या प्रभूला चुलीपाशी बसायला लाज वाटली नाही.

मग आपण काय करू शकतो? फार मोठे काही नको. हॉटेलात गेल्यावर पाणी आणून देणाऱ्याला अरे-तुरे न करता बोलू या. घरी स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचा पगार ठरल्या दिवशी देऊ या आणि त्यांना आठवड्याची सुट्टी आनंदाने देऊ या. आपल्या चर्चच्या सणाच्या जेवणात जे रांधतात आणि वाढतात ते बहुतेक वेळा सर्वांत शेवटी, उरलेले आणि गार झालेले जेवतात. पुढच्या सणाला त्यांना आधी बसवून, आपल्यातल्या मोठ्या माणसांनी वाढले तर रमाबाईंची पंगत आपल्या अंगणात बसेल. स्थळ पाहताना मुलगा कोठे काम करतो यापेक्षा तो कसा कष्ट करतो आणि कसा वागतो हे पाहू या.

आणि जे आपले बंधुभगिनी हे काम करतात त्यांनाही आमचे सांगणे आहे. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले आणि मेस बंद पडल्या तेव्हा आपल्या हातच्या अन्नावर किती घरे, किती विद्यार्थी आणि किती कामगार अवलंबून होते हे सर्वांना कळून चुकले. आपला आवाज खाली आणू नका. स्थळाच्या कागदावर आपले काम स्पष्ट लिहा. मुलांना शिकवा, स्वतःही शिका, पण शिकून मोठे झाल्यावर ज्या भट्टीने आणि पोळपाटाने आपल्याला मोठे केले त्यांना विसरू नका.

केडगाव आपल्यापासून काही स्टेशनांवरच आहे. कुटुंबासह एक दिवस जरूर जाऊन यावे. मुलांना ती जागा दाखवावी आणि त्या भाकरीच्या तुकड्याची गोष्ट सांगावी, जो मागताना एका पंडिताच्या लेकीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता आणि पुढे जिने दोन हजार जणींची पंगत बसवली.

दुसऱ्यांना जेवू घालून आपले घर चालवणाऱ्या आपल्या सर्व बंधुभगिनींच्या हातांना प्रभू आशीर्वाद देवो, आणि त्या हातांचा मान राखण्याची बुद्धी आपणा सर्वांना देवो.